हरलेल्या मुलींचा पुढचा सामना

‘अपयश ही यशाची पहिली पायरी आहे’ हे वाक्य ऐकायला मिळालं नाही, असा एकही बक्षीस समारंभ मला आठवत नाही. पाहुणे ते मनापासून म्हणतात, समोरची मुलं टाळ्या वाजवतात आणि कार्यक्रम पुढे सरकतो. एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. हे वाक्य येतं ते विजेत्यांना ढाल देऊन झाल्यावर, आणि ज्यांच्यासाठी ते म्हटलं जातं त्या हरलेल्या मुली तोवर एसटीत बसून निम्म्या वाटेवर गेलेल्या असतात. सकाळचा पहिला सामना हरल्या, झाडाखाली बसून डबा खाल्ला आणि निघाल्या. अपयशाचं तत्त्वज्ञान ऐकायला मागे उरतात त्या जिंकलेल्या!

गेली पुष्कळ वर्षं मी पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत बायकांच्या गटांबरोबर काम करते आहे. आमचे विषय ठरलेले – रेशन, दारू, मारहाण, सातबाऱ्यावर नाव. खेळ हा विषय आमच्या बैठकांत फारसा येत नसे. आला तर आरोग्याच्या शिबिरात, मुलींनी व्यायाम करावा एवढ्यापुरता. काही मैत्रिणींचं तर मत आहे की स्पर्धेचे खेळ ही मुळात पुरुषी गोष्ट. एकाला हरवून दुसऱ्यानं जिंकायचं हे मूल्य आपण का उचलावं? हा मुद्दा मला खोटा वाटत नाही, पण गावातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीपुढे तो मला मांडता येत नाही. तिला आधी मैदानात जायचं आहे. स्पर्धा चांगली की वाईट हे ती दोन-चार वर्षं खेळल्यावर ठरवेल.

आमच्याकडे कबड्डी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. भातकापणी आटोपली, शेतं मोकळी झाली, की गावोगाव मैदानं आखली जातात. रात्री विजेच्या प्रकाशात सामने चालतात, लाउडस्पीकरचा आवाज खाडीपलीकडे ऐकू येतो. आगरी, कोळी, मराठा, आदिवासी वाड्या – सगळीकडे पोरगा चालायला लागला की मांडीवर थाप मारायला शिकतो. या सामन्यांत मुली कुठे असतात? पूर्वी कडेला उभ्या राहूनही पाहत नसत. आता शाळेच्या संघातून खेळतात, काही गावांनी मुलींचे संघ काढले आहेत, स्पर्धेत ‘महिला गट’ असं पत्रिकेवर छापलेलं असतं. हा बदल खरा आहे आणि तो आपोआप झालेला नाही. त्यासाठी शाळेतल्या बाईंनी, कुठे एखाद्या जुन्या खेळाडूनं, कुठे मुलींच्या आयांनी फार भांडण केलं आहे.

पण या स्पर्धा होतात कशा, ते जरा जवळून पाहा. बहुतेक स्पर्धा ‘बाद पद्धती’च्या असतात. हरला तो घरी. शालेय स्पर्धांतही तालुक्याच्या पातळीवर बहुधा हेच. आता हिशेब करा. सोळा संघ आले. एका संघात सात खेळणाऱ्या आणि पाच राखीव, अशा बारा मुली. म्हणजे एकूण १९२. पहिल्या फेरीनंतर आठ संघ, म्हणजे ९६ मुली, एक सामना खेळून परत. दुसऱ्या फेरीनंतर आणखी ४८. सबंध स्पर्धेत तीनपेक्षा जास्त सामने खेळायला मिळतात ते फक्त शेवटच्या दोन संघांना, म्हणजे चोवीसजणींना. आणि तेवढे सामने खेळतात त्या बहुधा आधीपासूनच चांगल्या खेळणाऱ्या. ज्यांना खेळण्याची सगळ्यात जास्त गरज त्यांना सगळ्यात कमी खेळायला मिळतं.

कुणी म्हणेल, पुरुषांच्या स्पर्धाही बाद पद्धतीनंच होतात की. होतात. पण पुरुषांचा संघ शनिवारी एका गावात हरला तर पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावात उतरतो. हंगामात त्याला अशा कितीतरी स्पर्धा मिळतात. बाद पद्धत त्याच्यासाठी एका रात्रीपुरती असते, मुलींच्या संघासाठी ती बहुधा वर्षभराची होते.

रोहा तालुक्यातल्या एका गावाची गोष्ट सांगते. गावाचं नाव घेत नाही, कारण असं गाव एकच आहे असं कुणी समजू नये. तिथल्या तरुण मंडळाचा पुरुष संघ कित्येक वर्षांत उपांत्य फेरीपुढे गेलेला नाही. तरी दर दिवाळीनंतर वर्गणी निघते, नवे गणवेश शिवले जातात, टेम्पो ठरतो. हरून आले की पारावर चर्चा – पंचांनी घात केला, चिठ्ठीत अवघड संघ आला, अमक्याचा पाय दुखत होता. पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी. त्याच गावात मुलींचा संघ झाला. शाळेमागच्या पडीक जागेत दोन महिने सराव केला. पहिल्याच स्पर्धेत पहिल्याच सामन्यात मध्यंतरापूर्वी दोन लोण चढले, तीसेक गुणांनी हरल्या. दुसऱ्या दिवशी गावात एकच वाक्य फिरत होतं, ‘गावाचं हसं झालं.’ सराव बंद झाला. कुणी बंदी घातली नाही, ठराव केला नाही. घरोघरी संध्याकाळची कामं निघाली, बस्स.

त्यातल्या एकीशी मी नंतर बोलले. ती रडत वगैरे नव्हती. म्हणाली, ‘ताई, आम्ही कशामुळे हरलो ते मला पक्कं कळलंय. त्यांची डाव्या कोपऱ्यातली मुलगी घोटा धरत होती आणि आमची प्रत्येकजण त्याच कोपऱ्यात घुसत होती. मी असते ना, उजवीकडून गेले असते. पण आता हे कळून करू काय?’

मैत्रिणींनो, अपयशातून शिकणं ते हेच. ती शिकली होती. तीस गुणांच्या पराभवातून तिनं नेमकी गोष्ट टिपली होती, पण ती वापरायला पुढचा सामनाच नव्हता. आपण मुलींना धीराचे, जिद्दीचे, अपयश पचवण्याचे धडे देतो. शिबिरं घेतो, गाणी म्हणतो. माझं म्हणणं असं की धीर त्यांच्याकडे भरपूर आहे. तुटवडा आहे तो पुढच्या सामन्याचा.

जुन्या हुतूतूचे काही प्रकार होते. त्यांतल्या ‘संजीवनी’त एक बाद झाला की प्रतिस्पर्ध्याचा एक बाद केल्यावर आपला परत आत येई. ‘गामिनी’त मात्र बाद झालेला बाहेरच बसे, सगळा संघ बाद होईपर्यंत. आजची कबड्डी संजीवनीच्या वळणाची आहे. जी आधी बाद झाली ती आधी आत येते, आणि तिला आत आणतो तो तिच्या सोबतिणीनं मिळवलेला गुण. बोनस गुणावर कुणी आत येत नाही, त्यासाठी समोरचं माणूस बादच करावं लागतं. (खेळाची भाषा मात्र अजून तीच. मुलींच्या सामन्यातही ‘एक गडी बाद’ असाच पुकारा होतो. आणि मैदान बायकांचं लहान – पुरुषांचं १३ मीटर बाय १०, आपलं १२ बाय ८. निसटायला जागा तेवढीच कमी!)

खेळातून गामिनी गेली, घरांतून गेलेली नाही. दहावीत गणित राहिलेला मुलगा पुरवणी परीक्षेला बसतो, तीही नापास झाला तर आयटीआय बघतो, नाहीतर धाटावच्या कारखान्यांत कुणाच्या तरी ओळखीनं चिकटतो. गणित राहिलेल्या मुलीसाठी त्याच महिन्यात स्थळं बघायला लागतात. मुलाचं दुकान बुडालं तर ‘धंद्यात असं चालायचंच’. बचत गटातून कर्ज काढून बाईनं घातलेला मसाल्याचा धंदा बसला तर ‘सांगितलं होतं, तुझं काम नव्हे ते’. नांदायला गेलेली मुलगी परत आली तर बोलायलाच नको. शिवाय मुलाचं अपयश त्याचं एकट्याचं असतं. मुलगी हरली की तो सगळ्या मुलींविरुद्धचा पुरावा होतो, आणि मागच्या चार मुलींना तिच्या नावानं अडवलं जातं.

अशा ठिकाणी ‘धोका पत्करा’ हा उपदेश करताना जीभ अडखळायला हवी. कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची असते – गुण आणायचा, नाहीतर बाद व्हायचं. त्या चढाईत नवा डाव करून पाहायचं धाडस फार थोड्याजणी करतात. जी गोष्ट हातखंडा आहे तीच करतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. आपल्या मुली पहिल्या चढाईपासूनच तिसरी चढाई खेळत असतात. मग आपणच म्हणतो, मुलींमध्ये धाडस कमी.

धाडस कुठून येतं हे पाहायचं तर ललिता बाबर यांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं मोही हे त्यांचं गाव, दुष्काळी भाग. लांब पल्ल्याच्या धावपटू. २०१४ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या तिसऱ्यांदा पहिल्या आल्या. नाव झालं होतं, दर वर्षी जिंकता येईल अशी शर्यत हातात होती. ती बाजूला ठेवून त्या तीन हजार मीटरच्या स्टीपलचेसकडे वळल्या. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या असतात, आणि हे अडथळे साध्या हर्डलसारखे पाय लागला की पडत नाहीत. पाय लागला तर आपण पडतो. मॅरेथॉनमध्ये जम बसलेल्या बाईनं हे सुरू करणं म्हणजे जोखीमच. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई खेळांत त्यांना पदक मिळालं आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोचल्या. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत भारतीय बाई अंतिम फेरीत धावली ती पी. टी. उषांनंतर ३२ वर्षांनी. तिथे त्या दहाव्या आल्या.

दहाव्या! आमच्याकडे शाळेच्या फलकावर दहाव्या आलेल्या मुलीचं नाव कुणी लिहीत नाही.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. त्यांच्या जिद्दीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यांना रेल्वेची नोकरी होती, हे मात्र सहज वाचून सोडून दिलं जातं. स्टीपलचेस जमली नसती तरी महिन्याचा पगार थांबणार नव्हता. पुढे राज्य शासनानं त्यांना उपजिल्हाधिकारीपदावर घेतलं आणि आमच्या रोह्याच्या शेजारच्या माणगावला त्यांनी तहसीलदार म्हणून कामही पाहिलं. मी हे त्यांचं धाडस कमी करायला सांगत नाही. पडल्यावर जमीन कुठे लागेल हे माहीत असलं की माणूस उंच उडी मारतं, एवढंच मला म्हणायचं आहे. महिला कबड्डीत राष्ट्रीय अजिंक्यपदावर वर्षानुवर्षं रेल्वेचा संघ वरचढ राहिला तो का, याचंही उत्तर बऱ्याच अंशी तिथेच सापडेल. पगार, सराव, प्रवास, दुखापतीला दवाखाना. आता नोकरभरतीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, चांगलंच आहे. पण ते मिळतं ठरावीक पातळीचं प्रमाणपत्र हातात असलेल्यांना, म्हणजे जिंकून झाल्यावर. तिथवर पोचण्यासाठी जो धोका घ्यायचा तो मात्र आईच्या बांगड्यांवर.

दुसरं नाव शैलजा जैन यांचं. नाशिकच्या. आयुष्यभर कबड्डी शिकवली, कितीतरी मुली घडवल्या, पण भारताच्या संघाचं प्रशिक्षकपद काही वाट्याला आलं नाही. निवृत्तीच्या वयात, जेव्हा आपल्याकडे बाईला नातवंडं सांभाळायला बोलावतात, तेव्हा इराणनं त्यांना महिला संघासाठी बोलावलं. परका देश, परकी भाषा, खाण्यापिण्याचे प्रश्न, कपड्यांचे नियम. त्या गेल्या. फारसी बोलायला शिकल्या. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्त्याला आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात इराणनं भारताला २७–२४ असं हरवलं. २०१० आणि २०१४ या दोन्ही वेळा सुवर्णपदक आपलं होतं. त्या हरलेल्या भारतीय संघात आपल्या महाराष्ट्राच्या सोनाली शिंगटे आणि सायली केरिपाळे होत्या. म्हणजे मैदानावर मराठी मुली हरल्या आणि मैदानाबाहेर बसलेली मराठी बाई जिंकली. मला त्या दिवशी कुणाची बाजू घ्यावी कळेना. पाच वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोला, भारतानं चायनीज तैपेईला २६–२५ असं एका गुणानं हरवून सुवर्ण परत आणलं. पाच वर्षं लागली, पण पुढचा सामना होता म्हणून लागली.

तो नसला की काय होतं? २०१४ साली पुरुषांची प्रो कबड्डी सुरू झाली, अजून चालू आहे. २०१६ साली त्याच धर्तीवर महिलांची स्पर्धा घेतली – तीन संघ, एक हंगाम. दुसरा हंगाम झालाच नाही. पुरुषांच्या स्पर्धेत जे संघ हंगामामागून हंगाम तळाला राहिले ते अजून खेळताहेत. महिलांच्या स्पर्धेला मात्र एकाच हंगामात सिद्ध करायचं होतं. रोह्याच्या त्या गावाची गोष्ट आणि ही गोष्ट यांत मला तरी काही फरक दिसत नाही, पैशांचे आकडे सोडले तर.

क्रिकेटचं उदाहरण देऊ नये असं ठरवलं होतं, कारण क्रिकेटनं आधीच सगळी जागा व्यापली आहे. पण ते इतकं चपखल आहे की राहवत नाही. २०१७ साली लॉर्ड्सवर भारताच्या मुली विश्वचषकाचा अंतिम सामना नऊ धावांनी हरल्या. २२९ करायच्या होत्या, तीन बाद १९१ वरून सगळ्या २१९ मध्ये बाद. जिंकलेला सामना घालवला, असं म्हणायला जागा होती. पण त्यानंतर त्यांना ‘बसा घरी’ कुणी म्हटलं नाही. उलट त्या हरलेल्या सामन्यानंच देशाचं लक्ष वेधलं. हळूहळू पैसा आला, २०२२ साली सामन्याचं मानधन पुरुषांइतकं ठरलं, २०२३ पासून महिलांची लीग सुरू झाली. मग २०२५ चा विश्वचषक. साखळीत भारत लागोपाठ तीन सामने हरला – दक्षिण आफ्रिकेकडून, ऑस्ट्रेलियाकडून, इंग्लंडकडून. जेमिमा रॉड्रिग्जला तर इंग्लंडविरुद्ध बाहेर बसवलं होतं. तिनंच उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ काढल्या. अंतिम सामन्यात भारताकडून सर्वांत जास्त, ८७ धावा केल्या शफाली वर्मानं. ती मूळ संघातच नव्हती, दुसरी जखमी झाली म्हणून ऐनवेळी बोलावलेली. २ नोव्हेंबरला नेरूळच्या मैदानावर, म्हणजे पेणहून पनवेल ओलांडलं की पुढ्यातच, भारत ५२ धावांनी जिंकला.

आता एवढंच मनाशी आणा की ती स्पर्धा आमच्या तालुक्यातल्यासारखी बाद पद्धतीनं झाली असती तर? पहिल्या पराभवालाच बॅगा भरल्या असत्या. आठ संघांनी एकमेकांशी प्रत्येकी एक सामना खेळायचा, असा नियम होता म्हणून तीन वेळा हरलेला संघ विश्वविजेता होऊ शकला. मुलींचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण थोडं कौतुक वेळापत्रकाचंही करायला हवं.

हे केवळ खेळापुरतं नाही. पेण म्हटलं की गणपती. पेण आणि आसपासच्या गावांत, हमरापूर-जोह्याकडे, मूर्तींच्या कारखान्यांत हजारो हात राबतात, त्यांत बायका खूप. पेणच्या मूर्तींना २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या गटातली एकजण बारा-तेरा वर्षं अशाच एका कारखान्यात रंगकाम करत होती. अंगाचा रंग, पितांबर, दागिने सगळं तिच्याकडे. डोळ्यांची आखणी मात्र नाही. ती करणारे कारागीर पुरुष, त्यांची मजुरी जास्त. का नाही, विचारलं तर उत्तर सरळ होतं: डोळा बिघडला तर मूर्ती बिघडली, नुकसान कोण भरणार? बिघडवायची परवानगी नाही, म्हणून हात बसत नाही, आणि हात बसलेला नाही म्हणून परवानगी नाही. हिनं काय करावं? वाहतुकीत तडकलेल्या, हात मोडलेल्या मूर्ती कोपऱ्यात टाकून दिलेल्या असत, त्या ती मालकाला विचारून घरी न्यायची. रात्री जेवणं झाल्यावर त्यांवर डोळे काढायची. तिरळे, रागावलेले, झोपाळू, नाना तऱ्हेचे डोळे. पुसायची आणि परत काढायची. दोन पावसाळे असे गेल्यावर आता ती आखणी करते, दुसऱ्या कारखान्यात. ‘तडकलेले गणपती माझे मास्तर’ असं म्हणून हसते.

मला या बाईचं अतोनात कौतुक आहे. पण दर वेळी तिची गोष्ट सांगताना मला रागही येतो. त्या कारखान्यातल्या पोरांना आखणी शिकवताना चार मूर्ती बिघडतात, हे मालकानं धरलेलंच असतं. तिला मात्र बिघडवण्यासाठी लागणारा माल स्वतःच शोधावा लागला, तोही टाकाऊतून, झोप मोडून.

आणि धोक्याचा उपदेश आमच्या बायकांना करणाऱ्यांनी एक जरूर ध्यानात घ्यावं. न निवडलेले धोके त्या रोजच घेतात. २०१० च्या सप्टेंबरात पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध आणले. बनावट कर्जखात्यांनी बँक पोखरलेली होती. जवळपास दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले, २०१४ साली बँकेचा परवानाही गेला. ठेवीदारांत हातावर पोट असलेली माणसं थोडी नव्हती. बँकेत पैसे ठेवणं हा तर सुरक्षित मार्ग. पत्र्याच्या डब्यापेक्षा बँक बरी असं आपणच बायकांना शिकवत आलो. जुगार दुसऱ्यांनी खेळला आणि हरल्या त्या ज्यांनी पानाला हातही लावला नव्हता. असल्या अपयशातून बाई काय शिकते? धोका घेऊ नये, हेच शिकते. मग तिच्या मुलीनं कबड्डीच्या स्पर्धेसाठी रात्री परगावी राहायचं म्हटलं की ती नाही म्हणते. तिला मागासलेली म्हणण्याआधी तिचा हिशेब तरी तपासावा.

म्हणून मी प्रेरणेच्या भाषणांना कंटाळले आहे आणि वेळापत्रकांच्या मागे लागले आहे. माझी मागणी अगदी साधी आहे. जिथे जिथे आपल्या संघटना, गट, महिला मंडळं मुलींच्या स्पर्धा भरवतात किंवा भरवणाऱ्यांना मदत करतात, तिथे स्पर्धा साखळी पद्धतीची असावी. आठ संघ असतील तर चार-चारचे दोन गट करा. प्रत्येक संघाला तीन सामने नक्की. दोन्ही गटांचे मिळून बारा, मग दोन उपांत्य आणि एक अंतिम, असे पंधरा सामने. बाद पद्धतीत सात होतात. म्हणजे दुपटीहून थोडे जास्त.

आयोजक काय म्हणतात तेही सांगते, कारण ते सगळेच काही वाईट हेतूनं बोलत नाहीत. पंचांचं मानधन वाढतं. खरं आहे, पण अंतिम सामन्यानंतर वाटल्या जाणाऱ्या पुरुषभर उंचीच्या चषकांचा खर्च थोडा कमी केला तर ते भागतं. एका मैदानावर पंधरा सामने होत नाहीत. तेही खरं, शेजारी दुसरं मैदान आखायला फक्की आणि दोरी लागते. प्रेक्षक थांबत नाहीत, असं एका कार्यकर्त्यानं सांगितलं. न थांबोत, मुली काही प्रेक्षकांसाठी शिकत नाहीत. आणि एक शिक्षक म्हणाले, ‘कमजोर संघाला तीन वेळा हरवून तुम्ही त्यांचं मन तीनदा मोडणार.’ त्यांना मी त्या रोह्याच्या मुलीचं बोलणं ऐकवलं, डाव्या कोपऱ्याचं. तिला दुपारी दुसरा सामना मिळाला असता तर ती उजवीकडून गेली असती. कदाचित त्यातही पकडली गेली असती. मग तिसऱ्या सामन्यात आणखी काही सुचलं असतं.

एक अडचण मात्र खरीखुरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही. तीन सामने म्हणजे संध्याकाळ होणार. नागोठणे, कोलाडच्या आतल्या गावांतल्या आणि पेणच्या डोंगरातल्या वाड्यांवरच्या मुलींना संध्याकाळनंतर गाडी नाही. रेल्वेची पॅसेंजर स्टेशनात सोडते, स्टेशनपासून घर दूर. एसटीच्या फेऱ्या शाळेच्या वेळेवर बेतलेल्या, रविवारी त्याही कमी. स्पर्धा दोन दिवसांची केली तर मुलींच्या मुक्कामाचा प्रश्न येतो, आणि तो नुसत्या खोल्यांचा नाही. आया सोबत आल्या तर त्यांचा एका दिवसाचा रोज बुडतो. आम्ही हंगामाआधी दोन गोष्टी करून पाहणार आहोत. सामने सकाळी सातला सुरू करायचे, आणि एसटीच्या आगाराकडे स्पर्धेच्या दिवसापुरती एक जादा फेरी मागायची. अर्ज दिला आहे. आयांच्या रोजाची भरपाई वर्गणीतून करावी की नाही, यावर गटात दोन मतं आहेत आणि वाद चालू आहे.

दुसऱ्या तालुक्यांत कुणी मुलींची साखळी स्पर्धा घेतली असेल तर परतीच्या प्रवासाचं तुम्ही काय केलंत, ते मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. भात कापून होईपर्यंत वेळ आहे.